ठोके देणारा डबा

शेंदूरजनाघाटच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाटावर रागिणी. झुंबर महाराजांनी तिच्या पोटावर पितळी डबा टेकवला आणि भोंग्यातून आवाज घुमला : धकधक, धकधक!

"आयका! दोन लेकं बोलून राहिले!"

बायका रागिणीच्या पाया पडू लागल्या. लग्नाला कित्येक वर्षं झालेली. महाराजांचा अंगारा खाल्ला आणि तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. चौथ्याच महिन्यात पोट सहाव्यासारखं दिसू लागलं. आणखी काय पुरावा हवा?

रागिणीला मात्र उलट्या थांबत नव्हत्या. त्यात कालपासून अंगावरून रक्त जात होतं.

"महाराज, मले दवाखान्यात जाऊ द्या."

"दोष धुतला जाऊन राहिला, माय! मशीनखाली गेली तर एक लेकरू जळून जाईन."

सासू वच्छलाबाईंनी तिचा मोबाइल आधीच काढून घेतला होता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ललित पुटपुटला, "एवढे लोक आले, अन् तू..."

सगळीकडून जोडलेले हात. उठायलाही वाट नव्हती.

महाराजांनी डबा उचलला. पोटापासून सुटला तरी तो वाजतच होता. रागिणीनं तो हिसकला आणि बाजूच्या तक्क्यावर ठेवला.

धकधक, धकधक.

"याच्याही पोटात जुळे हायेत काय, महाराज?"

महाराजांनी डब्यावर झडप घातली, त्या ओढाताणीत झाकण निघालं. आत बोटभर यंत्र, आवाज भरून ठेवलेलं. रागिणी उठली आणि तिथंच कोसळली. साडी रक्तानं भिजली होती. ललितनं तिला उचलून जीपमध्ये घातलं आणि अमरावती गाठली.

डॉक्टर अलीझांनी सोनोग्राफीचा पडदा ललितकडे वळवला. पडद्यावर बाळ नव्हतंच. द्राक्षांच्या घडासारखे बुडबुडे होते.

"एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, अन् बाळ घडतं. इथं बीजातच बिघाड झाला. बाळ घडलंच नाही, बाळाला पोसणारी वार तेवढी वाढत गेली. पट्टीवरच्या रेघा, उलट्या, मोठं पोट, सारं त्या वारेमुळं. आवर नसलेली हीच वाढ कधीकधी कॅन्सर होते. पिशवी आज रिकामी करू. मग काही महिने रक्त तपासत राहावं लागेल. बरं होतं हे. पुढं मूलही होऊ शकतं."

जीपमधून सोबत आलेल्या वच्छलाबाईंनी विचारलं, "मंग म्या ठोके आयकले, ते?"

"कोणाच्या तरी बाळाचे असतील, आजी. भरून ठेवलेले."

रागिणी रडली. नसलेल्या लेकरांसाठीही रडू येतंच. पुढं ललितनं पोलिसांत तक्रार दिली. तिच्या तपासण्या महिनोन्महिने चालल्या; अखेर रक्त स्वच्छ आलं.

तरी एक दिवस शेजारची सून दारात आली. "महाराजाचा अंगारा उरला काय, ताई?"

रागिणीनं तिला आत बसवलं. "अंगाऱ्यानं पेशींची वाढ थांबत नाही अन् लेकरू घडतही नाही, बाई. मी मरायले टेकली होती, अन् लोक मायी पूजा करून राहिले होते. चाल, चप्पल घाल. आधी डॉक्टरले दाखवू."