फाळक्याचा राग

मित्रांनो, मी एक जुना फाळका आहे. टेम्पोतला माल मागून पडू नये म्हणून जो लोखंडी पत्रा लावतात, बिजागरीवर खाली पाडून उघडतात आणि दोन्ही बाजूंच्या कड्या अडकवून बंद करतात, तो मी. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा शांत असतात. त्यांनी सगळ्यांना माफ करून टाकलेले असते. मी केलेले नाही. मला राग आला आहे, आणि तो गिळून गोड बोलणे मला जमणार नाही.

माझा जन्म सुरतेजवळच्या कामरेजच्या एका शेडमध्ये झाला. ज्या कारागिराने मला वाकवले, त्याने माझी खालची कड दुमडून तिची पिशवी केली, म्हणजे मला ताकद यावी. त्या पिशवीला त्याने तळाशी बारीक भोके ठेवली. "इधर से पानी निकलेगा. ये छेद कभी बंद मत होने देना," असे त्याने भाईदासला बजावले. भाईदास म्हणजे माझा मालक, नंदुरबारकडून कामासाठी सुरतेला आलेला. त्याने मान हलवली. मान हलवण्यात भाईदासचा हात कोणी धरणार नाही!

सुरुवातीचे दिवस मात्र मानाचे होते. पलसाण्याच्या रंगाच्या कारखान्यांतून कापडाचे गठ्ठे भरायचे आणि सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या कापडबाजारात उतरवायचे, हे आमचे काम. गठ्ठे माझ्यावर रेलत, मी जराही हलत नसे. बाजारात मला खाली पाडले की हमाल माझ्यावर बसून चहा पीत आणि म्हणत, "फाळका बाकी जोरदार आहे, भाईदास." भाईदासची छाती फुगायची. मी वजन पेलायचो आणि छाती याची फुगायची, पण तेव्हा मला त्याचे काही वाटत नसे.

गठ्ठे पुष्कळदा ओले असत. त्यांतून सोड्याचे, ॲसिडचे, रंगाचे पाणी निथळून माझ्या कडेत उतरे. भोके होती तोवर ते निघून जाई. मग आला दसरा. भाईदासने टेम्पो धुतला, पुसला नाही, आणि ओल्या अंगावरच मला रंग फासला. त्या रंगाने पहिली काही भोके बुजली. नारळ फोडायला त्याला टेम्पोभर जागा होती, तरी त्याने तो नेमका माझ्या डाव्या बिजागरीवर फोडला. वर लिंबू-मिरची बांधली, नजर लागू नये म्हणून. अरे, मला नजर नव्हती लागली, गंज लागला होता!

पुढे हा दरवर्षीचा नेम झाला. पिवळ्यावर निळा, निळ्यावर हिरवा. एका वर्षी पेंटरकडून त्याने माझ्या पाठीवर बायकोच्या नावाने 'शोभाची पुण्याई' असेही लिहून घेतले. लोक टेम्पोमागे उभे राहून म्हणत, काय चकाचक ठेवलाय! आणि आत, बुजलेल्या भोकांच्या वर, सडके पाणी मला खात बसले होते. मला ओरडता आले असते, तर सगळा बाजार गोळा केला असता.

मी माझ्या परीने सांगितले. माझ्या रंगाला फोड आणले. ते शोभाबाईला दिसले. ती घरी साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम करते. तिच्या साड्यांचे गाठोडे आमच्याच टेम्पोतून येई आणि ते उतरवून घ्यायला ती संध्याकाळी मागे येऊन उभी राही.

"हाई काय शे?" तिने फोडावर बोट दाबून अहिराणीत विचारले. "फुगी ऱ्हायनं."

"उन्हामुये फुगस," भाईदास म्हणाला. "दसराले रंग मारी देसूत."

दसरा यायच्या आतच ती संध्याकाळ आली. शोभाबाई गाठोडे घ्यायला मागे उभी होती. भाईदासने कड्या काढल्या. माझी डावी बिजागरी भुगा होऊन सुटली आणि माझा कोपरा थेट तिच्या डाव्या पायावर पडला. अंगठ्याचे हाड मोडले. तिची ती किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे.

आणि भाईदासने काय केले? तिला दवाखान्यात पोहोचवून आल्यावर त्याने मला लाथ मारली. "पनोती फाळका!" म्हणाला. मग आणखी एक लिंबू-मिरची बांधली. मित्रांनो, पडलो मी, हे खरे. पण मला पाडले कोणी?

काही दिवसांनी शोभाबाईची पट्टी बदलून परतताना त्याने टेम्पो धर्मेंद्रभाईंच्या गॅरेजवर घेतला. शोभाबाई पाय लांब करून तिथल्या स्टुलावर बसली. भाईदास चहा सांगायला गेला. धर्मेंद्रभाईंनी मला उतरवून घेतले, उलटसुलट पाहिले आणि हिलालला हाक मारली. हिलाल हा अमळनेरकडून नुकताच आलेला वेल्डर.

"आनो काट काढी नाख. नीचेथी, बधो," धर्मेंद्रभाई म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गुजरातीत गंजाला काट म्हणतात. सुरतेत मुरलेल्या माणसाला हे ठाऊक असते, हिलालला नव्हते. तो हिंदीतले 'काट', म्हणजे 'काप', एवढेच समजला. त्याने कटर सुरू केला आणि माझ्या खालच्या कडेवर धरला. ठिणग्या उडाल्या. गंज काढा म्हटले आणि हे मलाच कापायला निघाले! माझा संताप अगदी शिगेला पोहोचला.

"ए भाऊ, थांब!" शोभाबाई स्टुलावरूनच ओरडली. "काय करी ऱ्हायना तू?"

हिलालने कटर बंद केला. "शेठनी सांगं ना, काट म्हणीसन."

"काट म्हंजे आठे सुरतमा गंज, भाऊ! कापानं नही!"

हिलाल ओशाळला. पण तोवर माझ्या कडेला चीर पडली होती, आणि त्या चिरेतून तपकिरी पाणी आणि गंजाचे पापुद्रे भदाभदा खाली सांडले. पिवळा, निळा, हिरवा, सगळे रंग चिरेच्या तोंडाशी थरावर थर दिसत होते. भाईदास चहा घेऊन आला तो तसाच उभा राहिला.

"पट्टी ठोकी दे आनि रंग मारी दे," तो हिलालला घाईने म्हणाला. "सकायले माल शे."

तेव्हा शोभाबाईने स्टुलाजवळचा रंगाचा डबा ओढून मांडीवर घेतला.

"रंग लाईसन मना पाय बरा व्हई का?" ती म्हणाली. "आधी समदं खरवडा. मंग बोला."

भाईदासने या वेळी मानसुद्धा हलवली नाही. हिलालने मला जमिनीवर आडवे केले. पत्रीने, म्हणजे लोखंडी पातीने, रंग खरवडला, तारेच्या ब्रशने गंज घासला, पॉलिश पेपर मारला. पेपराचा दुसरा तुकडा भाईदासला हातात घ्यावा लागला, कारण शोभाबाई डबा सोडायला तयार नव्हती. मला झोंबले, फार झोंबले. पण खाली माझे स्वतःचे लोखंड दिसले, ते मीही विसरलो होतो. सडलेली कड बदलली, नवी बिजागरी लावली, भोके मोकळी ठेवली, आणि कोरड्या अंगावर प्रायमर चढवला. पाठीवर काही लिहायचे नाही, असे शोभाबाईने सांगितले.

तेव्हापासून मी पुन्हा माल पेलतो. गाठोडे उतरवून घ्यायच्या आधी शोभाबाई केसातला आकडा काढते आणि माझी भोके एकेक करून टोचून पाहते. भाईदास गोणपाटाने माझी कड पुसतो. तिने त्याला माफ केले असेल, तो त्या दोघांचा प्रश्न आहे.

तुमच्या घरी सायकल असेल, स्कूटर असेल. रंगाला फोड दिसला तर त्यावर रंग फासू नका. आधी खरवडा, कोरडे करा, आत काय चालले आहे ते पाहा. लोखंडाचे काम वेळेत केले तर होऊन जाते. माझी बिजागरी नवी आली, कडही नवी आली. शोभाबाईच्या डाव्या पायात मात्र चप्पल अजून नीट बसत नाही, आणि ती लंगडत माझ्याकडे आली की माझा राग पुन्हा पहिल्यासारखा होतो.