पांढरा चौकोन

मी जगाच्या नकाशातला एक चौकोन बोलतोय. जमिनीवर एक किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद; कागदावर मात्र टाचणीच्या टोकाएवढाही नाही. जिथे माणसं दाटीवाटीने राहतात तो चौकोन गडद लाल, जिथे तुरळक तो फिका पिवळा. कोणीच नसेल तर पांढरा.

माझ्या वाट्याला एक टेकडी आली, एक बंद पडलेली खाण आणि तिच्या रखवालदाराचं घर. खाण बंद झाली, सगळे पांगले. तो आणि त्याची बायको तेवढी राहिली. दोन माणसं म्हणजे फिक्यातला फिका पिवळा, पण मला त्याचाही कोण अभिमान! त्या रंगाच्या भरवशावर दर मंगळवारी दवाखान्याची गाडी यायची, दोघांचा रक्तदाब बघून गोळ्या द्यायची.

मागच्या जनगणनेला गणना करणारी बाई धापा टाकत टेकडी चढून आली.

"बाबा, घरात माणसं किती?"

"दोन."

बाईने आत पाहिलं. अंथरूण एकच, दाराशी चपलांचा जोडही एकच.

"आजी कुठे आहेत?"

रखवालदाराने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. "गेली. वर्ष होईल आता. तोंडातून अजून दोनच निघतं हो."

बाईचे डोळे भरून आले, पण तिने एक लिहिलं. खरं तेच लिहिलं बिचारीने.

पुढे नकाशाच्या कचेरीत साहेब वैतागले, "एकेका माणसासाठी कुठे रंग भरत बसता? दोनच्या खाली सगळं पांढरं करून टाका."

"पण साहेब, एक माणूस तर आहे तिथे."

"एवढ्या मोठ्या जगात कोणाला दिसणार आहे तो?"

झालं, मी पांढरा झालो. नवा नकाशा बघून गाडीचा रस्ता ठरला आणि टेकडी त्यातून गळली.

रखवालदाराला यातलं काही ठाऊक नाही. मंगळवारी तो दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट खिशात ठेवून दारात बसतो. ऊन उतरलं की आत जाऊन कोपऱ्याकडे बघत म्हणतो, "आजही नाही आली गं. बिघडली असेल."

गाडी ठणठणीत आहे. हे त्याला सांगावं म्हणून जीव तुटतो माझा, पण माझा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. नकाशा बघताना पांढऱ्या जागेवरून बोट झटकन पुढे नेऊ नका. तिथे एक जण दाढी करून बसलाय.