चाळीस फॉर्म आणि पाच बोंडं

अल्लीपूरच्या चंद्रभानची कल्पनाशक्ती मोठी दांडगी. एकदा त्याचा बैल हरवला, तेव्हा बाजारात उभं राहून त्यानं त्या बैलाचं असं काही वर्णन केलं, की दिवस मावळायच्या आत लोकांनी तीन बैल आणून त्याच्या दारात बांधले. त्यातला एक तर चक्क गाय होती!

तर मंडळी, असा हा चंद्रभान त्या शनिवारी दुपारी ओसरीत मांडी घालून बसला होता. पुढ्यात चाळीस फॉर्म आणि चार वेगवेगळी पेनं. शेजारी त्याची लेक समीक्षा, पडलेल्या चेहऱ्याची.

समीक्षा वर्ध्याच्या एका कॉलेजात एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती; विषय स्टार्टअप आणि उद्योजकता. 'धंदा कराले का कोणी कॉलेजात शिकते?' हे गावानं विचारून झालं होतं. तिनं मात्र जिद्दीनं एक वस्तू तयार केली होती. कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बायांची बोटं फाटतात. त्या बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या. नाव 'बोटसखी'. सोमवारी परीक्षकांपुढे मांडणी होती. ती जमली तर कॉलेजच्या नवउद्योग केंद्रात वर्षभर जागा आणि मार्गदर्शन. नाही जमली तर बापलेकीत ठरलं होतंच: स्टार्टअप बंद, बँकेच्या परीक्षेची पुस्तकं चालू.

फक्त एक अडचण होती. मांडणीसोबत चाळीस वेचणाऱ्या बायांची मतं जोडायची होती.

"त्यात काय एवढं?" चंद्रभाननं पेनाचं टोपण दातानं काढलं. "कॉलेजातले सारेच घरी बसून भरतात, तूच म्हणत होती ना? सांग, पुढचं नाव कोणाचं लिहू? बाबारावची मंजुळा?"

"बाबा, मंजुळाकाकू मागच्या पोळ्याले वारल्या."

"मग लिहितो, 'आवडलं, पण नियमित वापरता येणार नाही.'"

समीक्षाला हसू आलं आणि लगेच हसल्याची लाजही वाटली. पण वेळ कुठे होता? आणि चाचणी तर तिनं केलीच होती की! पंधरा दिवसांपूर्वी सीतादहीला. पहिल्या वेचणीच्या त्या दिवशी शेतात पाच खडे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि घरधनी मानाची पाच बोंडं वेचतो. यंदा तो मान बाबांनी तिला दिला. बोटसखी घालून तिनं पाचही बोंडं वेचली. बोटाला ओरखडासुद्धा नाही!

एवढ्यात जिजा आली. गावाच्या टोकाला गोंडांची वस्ती आहे, तिथली ही बाई. एकोणीस वर्षं चंद्रभानच्या शेतात वेचणीच्या बाया तीच आणायची. उद्या किती बाया लागतील, हे विचारायला आली होती. मंजुळाचं बोलणं तिनं अंगणातूनच ऐकलं होतं. तिला अक्षरओळख जेमतेम, पण स्वतःचं नाव मात्र तिला उलट्या कागदावरूनही वाचता यायचं.

"हे माहं नाव काऊन लिहिलं व समीक्षा?"

समीक्षाची मान खाली गेली. "मावशी, ते कॉलेजचं आहे."

"वाच ना मंग. का म्हणलं मी?"

समीक्षानं पुटपुटत वाचलं, "'बोटसखी फार उपयोगी आहे. मी रोज वापरीन. मैत्रिणींनाही सांगीन.'"

"बापा! इतकं चांगलं बोलली मी?" जिजा खळखळून हसली. मग पायरीवर टेकली आणि मायेनं म्हणाली, "माय, मेलेली मंजुळा तं बोलू शकत नाई. तिच्या नावानं तुमी काही लिहा. पण मी तं जित्ती हावो ना! मले इचाराले अल्लीपुरात कोनाची बंदी हाये?"

चंद्रभानचं पेन हवेतच राहिलं.

"उद्या वावरात येजो," जिजा उठत म्हणाली. "थ्या टोप्या घेऊन."

रविवारी सकाळी समीक्षानं कमरेला ओटी बांधली, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची लुगड्याची झोळी. बायांना टोप्या वाटल्या आणि स्वतःही घातल्या. पहिली पाच बोंडं छान निघाली. पन्नासाव्या बोंडापर्यंत रबराच्या आत घामाचं तळं झालं. तासाभरात तिच्या दोन टोप्या कापसात हरवल्या आणि ओटीत कापसापेक्षा पाचोळाच जास्त दिसू लागला. जिजानं तर आपल्या टोप्या केव्हाच काढून पदराला बांधल्या होत्या.

"मावशी, बोटं फाटतात ना तुमची?"

"फाटतात तं. पण बोटाले डोये असतात माय. बोंड चांगलं का किडकी कवडी, हे नजरेच्या आंधी बोटाले समजते. तू त्याईचे डोयेच बांधले!"

बाया हसल्या. समीक्षा मात्र रडायच्या बेतात होती. दोन वर्षांचा अभ्यास, चौदा नमुने, सगळं एका तासात पाचोळ्यात! ती सरळ व्हायला गेली आणि कळवळली. ओटीची गाठ कमरेत रुतली होती आणि पाठ जणू कोणी दुसऱ्याची आणून लावली होती.

तिचा चेहरा पाहून जिजा हळूच म्हणाली, "हं. आता समजलं दुखते कुठं. बोटाले तं संध्याकाळी तेल लावतो आमी. कमरेले का लावाव?"

दुपारी चंद्रभान पाण्याचा डबा घेऊन आला. लेक बांधावर पालथी पडून फॉर्म लिहीत होती, भोवती बाया.

"कितीजणी हो म्हणाल्या?" त्यानं विचारलं.

"शेजारच्या वावरातल्या धरून चाळीस झाल्या. छत्तीस नको म्हणतात."

"अवं, मंग उद्या तोंड काय दाखवशील? या बायांचं काय ऐकतं? मले वेचणी समजत नाई का? मागची तीस वर्षं सीतादहीले मीच पहिलं बोंड वेचलं!"

"हाव ना भाऊ," जिजा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "वर्साले पाच. तीस वर्सात दीडशे झाले. आमची गिरजा तितके तर तंबाकू मयता मयता वेचते."

असं हसू उठलं, की झाडावरचे पोपट उडाले ते थेट हिंगणघाटात उतरले म्हणतात. चंद्रभानही इरेला पेटला. मागितली ओटी, बांधली, शिरला ओळीत. पहिली दहा मिनिटं तो बोलत होता. पुढची दहा कण्हत होता. त्यापुढे आवाजच आला नाही.

बऱ्याच वेळानं तो कंबर धरून बांधावर टेकला. "जिजाबाई," त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "एकोणीस वर्षं झाली. कमरेचं कव्हा बोलली नाई तू?"

जिजानं त्याला पाणी दिलं. "तुमी कव्हा इचारलं, भाऊ?"

एवढंच! तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. आणि म्हणूनच ते चंद्रभानच्या काळजात घुसलं.

सोमवारी समीक्षानं परीक्षकांपुढे चाळीस खरे फॉर्म ठेवले. परीक्षकांपैकी देवतळे सरांनी ते चाळले. "छत्तीस नकार? म्हणजे तुमचं उत्पादन संपलं."

"हो सर, संपलं. मी पाच बोंडांवर चाचणी केली होती. बाया दिवसभर वेचतात." तिनं उरलेल्या टोप्या टेबलावर ठेवल्या. "आधी हे फॉर्म घरीच भरत होतो, तेही सांगते. त्यात सगळे होकारच होते. पण सर, दुखणं कमरेचं आहे. खांद्यांवर भार घेणारी ओटी करायची आहे मला. अजून हातात काहीच नाही."

सरांनी फॉर्म पुन्हा हातात घेतले. "असे खरे नकार फार वर्षांनी वाचले," ते म्हणाले. "केंद्रात जागा आज देता येणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा या. या बायांना विचारून या."

जागा मिळाली नव्हती. म्हणजे ठरल्याप्रमाणे बँकेची पुस्तकं. बसमध्ये समीक्षा खिडकीला डोकं टेकून बसली. अल्लीपूरला उतरली तर थांब्यावर बाबा उभे, अंगावर सकाळचाच सदरा, त्याला कापूस चिकटलेला.

"नाही मिळाली जागा, बाबा. तीन महिन्यांनी बोलावलं."

"बरं झालं. तेवढे तं लागतीलच." चंद्रभाननं खिशातून घडी पडलेले कागद काढले. "आज चार वावरं फिरलो. अकरा बायांले इचारलं. कोणाले पट्टा रुंद पाहिजे, कोणाची मान दुखते, एकीले पोटुशी असताना गाठ बांधताच येत नव्हती. अवं, सारं येगयेगळं सांगतात! मी जन्मभर बसल्या जागी रचत राह्यलो असतो, तरी यातलं एकही मले सुचलं नसतं."

"आणि बँकेची पुस्तकं?"

"तुई माय म्हणते, उंदरं लागले त्याले," चंद्रभान बेधडक खोटं बोलला. पुस्तकं अजून विकतसुद्धा आणली नव्हती!

समीक्षानं बाबांचा हात धरला. त्याची बोटं फाटली होती.

मंडळी, आपल्यापैकी किती जण दुसऱ्याच्या नावानं 'होय' लिहून मोकळे होतात! योजना असो, अभ्यास असो की घरातली साधी गोष्ट. ज्याचं भलं करायला निघालो, त्याच्या शेजारी आधी बांधावर जाऊन बसावं. त्याला विचारावं, आणि त्यानं 'नको' म्हटलं तर तेही मान देऊन लिहून घ्यावं. खरा उद्योग त्या 'नको'च्या पुढच्या ओळीपासून सुरू होतो.