दहाही बाया हिरव्या

"मोबाईलात माय नाही दिसत, पोरी. आठ-पंधरा दिवसांनी येऊन हात पाहत जा तिचा." चिखल्याच्या आशा सेविका ललिताबाई मला म्हणाल्या होत्या. मी हसले. म्हटलं, तुम्ही महिन्यातून एकदा बीपी मोजता, तिच्या मनगटावरचा पट्टा दिवसभर मोजतो.

मोबाईलला जोडलेला तो पट्टा आईला मीच बांधायला लावला होता. सात महिन्यांचं लेकरू घेऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून उठसूट चिखल्याला जाणं होईना. पट्ट्याच्या कंपनीची माणसं तिच्या बचत गटात आली होती. बीपी ठीक असलं की ॲपमध्ये हिरवा ठिपका, वाढलं की लाल. गटातल्या दहाही बाया महिनाभर हिरव्या राहिल्या, की पुढच्या महिन्याचं पट्ट्याचं भाडं माफ. एक जरी लाल झाली, तर दहाही जणींनी पैसे भरायचे. बाया एकमेकींना जपतील, असं ते म्हणाले. शिकलेली असून मलाही पटलं.

पहिल्या महिन्यात आई दोनदा लाल झाली. मी फोनवर ओरडले, "गोळी काहून नाही घेतली?" त्यानंतर चार महिने आई हिरवीच. बाळाला पाजताना मी एका हाताने ॲप उघडायची, हिरवा ठिपका पाहायची आणि मग कुठे डोळा लागायचा.

गेल्या मंगळवारी सकाळी ललिताबाईंचा फोन आला. आई चुलीपुढे पडली होती, डावा हात उचलला जात नव्हता. त्यांनीच तिला भंडाऱ्याला दवाखान्यात आणलं. संध्याकाळी मी खाटेशी बसलेली असताना मोबाईल वाजला, ॲपवर आईच्या नावाने निरोप: "शाब्बास रुखमिणी! आज अकरा हजार पावलं."

मी आईचं मनगट पाहिलं. उघडं होतं.

तेवढ्यात आईच्या घराशेजारची खुशबू धानाच्या रोवणीवरून तशीच दवाखान्यात आली, पदर मनगटावर ओढत. मी तो बाजूला केला. एका हातावर तीन पट्टे.

"मावशीनंच देल्ला मले," ती रडायलाच लागली. "म्हणे, लाल दिसलं का पोरगी घाबरते, बारक्याचं दूध आटते. अन् गटातल्या बाया तिले टोमणे मारत, तुह्यामुळं आमचं बुडते. मी तरणी, लाल होतच नाही."

"बाकीचे दोन कोणाचे?"

"नाव घेतलं त गावात उभी नाही करणार मले."

ललिताबाई डॉक्टरांना आईच्या गोळ्यांची नावं सांगत होत्या. मला एकही येत नव्हतं.

आई अजून नीट बोलत नाही. कंपनीला फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या गटाचा अहवाल उत्तम आहे." ललिताबाई घरोघर विचारून आल्या, बाया पदर सावरून बसतात, म्हणतात, आमचा पट्टा धुवायला काढला.

खुशबूच्या हातावर ज्यांचे पट्टे आहेत, त्या दोघींच्या लेकीही कुठेतरी हिरवा ठिपका पाहून निवांत असतील. मला आईपासून हलता येत नाही. तुमची माय, मावशी, सासू चिखल्याच्या त्या गटात असेल, तर फोन करू नका, ती खरं सांगणार नाही. आजच बस धरा आणि तिचं मनगट पाहा.