डावखुऱ्याची कानस

"इंद्रभान, बाहेरूनच किती पाह्यशीन बावा? नवरी हाय काय थे?"

सैफुद्दीन अत्तारवाल्यांनी असं म्हणताच ओसरीवरचे सगळे हसले. इंद्रभान हसला नाही. त्यानं मांडीवरचा बाजा उलटा केला, सुलटा केला, भाता ओढला, सोडला. अकॉर्डियन हे त्या वस्तूचं नाव वाशिमात फक्त बँडवाल्यांना येत होतं, आणि त्यांनाही ते चार तऱ्हांनी येत होतं. बाकी गाव त्याला छातीवरचा बाजा म्हणे.

भांडण सरळ होतं. सरवरीचा नवरा हा बाजा बँडात वाजवायचा. तो पावसाळ्याच्या तोंडाशी वारला. इद्दतीचे, म्हणजे सुतकाचे, चार महिने सरले, तशी ती माहेरी अनसिंगला निघाली आणि या बाजापाशी येऊन अडली. तिचं म्हणणं, हा बापानं लग्नात दिला, म्हणजे तिचा. दीर युसूफचं म्हणणं, सात वर्षांमागं आपणच तो मुंबईहून नवाकोरा आणला आणि भावाला वाजवायला दिला, म्हणजे आपला. पावती? उंदरांनी खाल्ली. आमच्याकडच्या उंदरांना नेमक्या कामाच्याच पावत्या आवडतात.

सैफुद्दीनचाचा बिरादरीतले वडीलधारे. त्यांनी दोघांनाही कबूल करायला लावलं होतं, की हार्मोनियमच्या पेट्यांचा कारागीर इंद्रभान बाजाचं वय सांगेल ते खरं.

"पट्टीवर काय लिवलं?" चाचांनी विचारलं.

"कंपाउंडरनं वाचून देल्लं. जर्मनीचा हाय. सन नाई."

"जर्मन तं मी बी म्हणून राह्यलो!" युसूफ पुढं सरसावला.

"चौदा सालच्या लढाईच्या टायमाले जर्मन माल बंद व्हता," इंद्रभान म्हणाला. "म्हंजे हा लढाईच्या आंधीचा, नाईतं बऱ्याच नंतरचा."

"भाऊ, हे तं कोनीबी सांगन," दाराआडून सरवरी बोलली. "तुमी आतून पाहा. माह्या भावाच्या बँडात देईन मी हा बाजा. माही न् पोरीची भाकर हाय त्याच्यावर."

इंद्रभाननं खिळे काढले. आत मेणात बसवलेल्या सुरांच्या जिभा होत्या. विलायती सूर आमच्या गाण्याला जरा इकडेतिकडे होतात, म्हणून इथला मिस्तरी कानशीनं जिभा घासून ते जुळवून देतो. कारखान्याची घास लांब आणि गुळगुळीत असते. इथं तिच्यावर दुसरी घास होती. उलट्या अंगाला झुकलेल्या दोन रेघा आणि तिसरी अर्ध्यात सोडलेली. पुढच्या जिभेवरही तेच. त्याच्या पुढच्याही.

इंद्रभाननं बाजा उजेडाकडं वळवला. त्याचा उस्ताद हरिसिंग डावखुरा होता, आणि तिसरी रेघ अर्ध्यात थांबवून तो कान लावी. हरिसिंग लढाई संपता संपता आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. सरवरीचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी.

"हा हरिसिंग मिस्तरीचा हात हाय," तो म्हणाला. "बाजा लग्नाआंधीचा."

"वा रे वा! डावखुरा का दुनियेत एकच पैदा झाला?" युसूफ हात नाचवत म्हणाला. "मुंबईच्या दुकानातला गोरा डावखुरा नसंन कशावरून? मेलेल्याची गवाही चालते काय, चाचा?"

चाचांनी दाढी कुरवाळली. "इंद्रभान, म्या उमरभर मुर्दे धुतले, पण मुर्द्याची रेघ नाई वळखत. हरिसिंगचं दुसरं काम दाखव. दोन्ही सारखे दिसले का फैसला."

"कुठून आनू? वीस वर्सं झाले."

"मंग उद्या सकाळपर्यंत पाहा. नाईतं बाजा युसूफचा."

इंद्रभान उठला तो घरी गेला नाही. पाटणी चौकातून दोनदा फिरला. पानाच्या दुकानात पान लावून घेतलं आणि न खाता तिथंच विसरला. कारण हरिसिंगचं दुसरं काम कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रोज सांजेला ते त्याच्या कानावर पडत असे.

राममंदिरातली भजनाची पेटी. तिच्या तोंडावर पिवळ्या रंगात 'इंद्रभान मिस्तरी' असं रंगवलेलं होतं. वीस वर्षांत तिचा सूर केसभर हलला नव्हता. मेडशी, शेलूबाजारचे लोक ती पेटी ऐकून इंद्रभानकडं काम आणत. ती हरिसिंगनं केलेली होती. झाकण तेवढं बसवायचं राहिलं आणि उस्तादानं अंथरूण धरलं. झाकण बसवून पोरसवदा इंद्रभान ती मंदिरात घेऊन गेला, तेव्हा भजनी मंडळाचे नानाजी म्हणाले, "वा रे पठ्ठ्या, नाव काढलंस!" तो खोटं बोलला नाही. नुसता गप्प राहिला. माणसाला वीस वर्षं पुरेल एवढं खोटं गप्प राहूनही होतं, आणि त्याला मेहनत कमी लागते.

घरी बायको प्रयागबाई ज्वारी निवडत होती. तो तीनदा आत आला, तीनदा बाहेर गेला.

"गोमाशी चावली काय तुमाले? बसा एका जागी."

"राममंदिरातली पेटी..." तो म्हणाला आणि थांबला.

"ते हरिसिंगबावाची हाय," प्रयागबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "लगन झाल्यापासून ठाव हाय मले. त्या पेटीसारखी दुसरी पेटी तुमच्या हातून कव्हा झाली?"

तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"कधी बोलली नाईस?"

"तुमी कव्हा बोलले?"

सकाळी तो मंदिरात गेला. पेटी चाचांकडं न्यायची आहे एवढंच त्यानं नानाजींना सांगितलं. पेटी मंडळाची, म्हणून नानाजी मंडळाची दोन माणसं घेऊन सोबतच आले. ओसरीवर आज कालच्यापेक्षा दुप्पट माणसं होती. गावाला दुसऱ्याच्या घराण्यातल्या भांडणाची हजेरी कधी चुकवता येत नाही.

इंद्रभाननं पेटीतल्या, सुरांच्या जिभा बसवलेल्या पट्टीचे चार स्क्रू काढून मुठीत घेतले, पट्टी उचलली आणि बाजाच्या जिभांशेजारी धरली. चाचांनी डोळ्याशी भिंग नेलं. उलट्या अंगाच्या दोन रेघा, तिसरी अर्धी. इथंही. तिथंही.

"एकच हात हाय," चाचा हळूहळू म्हणाले. "पण इंद्रभान, हे तं तुही पेटी."

"माही नाई. हरिसिंग उस्तादाची. म्या फकत झाकण बसवलं."

कोणी खोकलं. युसूफनं त्यातल्या त्यात संधी साधली. "ज्यानं वीस साल गाव फसवला, त्याची जबान मानता?"

"जबान कोन मानून राह्यलं? रेघा मानतो," चाचा म्हणाले. "आपलं नाक कापून कोनी तुही जिरवाले येत नाई, युसूफ. बाजा सरवरीचा."

सरवरी बाहेर आली. तिनं बाजा उचलून छातीशी धरला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून तिनं इंद्रभानपुढं नुसती मान लववली आणि बैल जोडलेल्या दमणीकडं गेली. दमणीत बसल्यावर लेकीनं बाजाला हात लावला, तर तिनं तो हात बाजूला केला नाही.

नानाजी अजून पेटीकडंच पाहत होते. म्हातारा माणूस, रागावला असता तर बरं झालं असतं.

"वीस साल मी तुहं नाव घेऊन राह्यलो, इंद्रभान," ते म्हणाले. "हरिसिंगच्या पुन्यतिथीले बी तुलेच नारळ देल्ला."

इंद्रभान पेटी धरायला वाकला. दर उत्सवाला पेटीचं एक टोक त्याचं असे.

"राहू दे," नानाजी म्हणाले. मंडळाच्या दोघांनी दोन टोकं धरली आणि तिघंही निघाले. उघड्या पेटीतून चालीगणिक एखादा सूर कण्हल्यासारखा उमटत होता.

गर्दी पांगली. इंद्रभाननं मूठ उघडली. चारही स्क्रू तिथंच राहिले होते.

तो मंदिरापर्यंत भराभर गेला. नानाजी पायरीवर पाठमोरे बसून चपला काढत होते.  मग खाली वाकून त्यानं चारही स्क्रू पायरीच्या कडेला, कोणाच्या पायाखाली येणार नाहीत असे, एकेक करून उभे ठेवले.