ऐंशी किलोची जागा

दम्मामच्या एका कंटेनर कंपनीत मी सर्व्हर सांभाळतो. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे आणि या कामाला लागणारी तेवढीच एक पात्रता आहे. डिग्रीपण आहे. ती फाइलला लावलेली आहे.

आमच्या यार्डाचं फाटक एका सर्व्हरवर चालतं. ट्रक येतो, कॅमेरा नंबर वाचतो, सर्व्हर हो म्हणतो, दांडा वर जातो. सर्व्हर असतो तिसऱ्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत. अशा खोलीला खोटी जमीन असते. वर फरश्या, खाली हातभर पोकळी आणि पोकळीत वायरी. रुजू झालो त्या दिवशी मी सर्व्हरच्या कपाटासमोर खुर्चीत बसून पासवर्डांची यादी वाचत होतो. जेवायला उठलो तर कपाटावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला, म्हणजे सर्व्हर जिवंत, पण फाटकाशी बोलणं बंद. परत बसलो. हिरवा. उठलो. नारिंगी. हे मी अकरा वेळा केलं, कारण मी इंजिनियर आहे. खाली फाटकाच्या दांड्यानं एकाच ट्रकला अकरा वेळा सलाम ठोकला.

मी देवदत्त साहेबांकडे गेलो. हे आमचे आयटी मॅनेजर, मूळचे सांगलीचे, सोळा वर्षं सौदीत.

"साहेब, खुर्चीखालच्या फरशीखाली वायरीचा सांधा सैल झालाय. वरून दाब पडला की जुळतो. फरशी उचलून वायर बदलूया, दहा मिनिटांचं काम."

साहेबांनी असं पाहिलं की जणू मी त्यांचंच पोट उघडायचं म्हणतोय.

"आत्ता चालू आहे?"

"मी बसलो की चालू आहे."

"मग इथं काय करतोयस? बस जा."

नियम असा होता की सर्व्हर दहा मिनिटं जरी बंद करायचा तरी परवानगीचा अर्ज त्याच सर्व्हरवर भरायचा. अर्ज मंजूर व्हायचा, पण बंद केल्याबरोबर मंजुरी दिसेनाशी व्हायची, आणि मंजुरी दिसत नसताना फरशीला हात लावायला मनाई. हा नियम कोणी केला ते कोणाला माहीत नव्हतं. तोही सर्व्हरवर होता.

तेव्हा मी बसलो. चार वर्षं बसलो. बाहेर अठ्ठेचाळीस डिग्री आणि आत मी कानटोपी घालून. नमाजला, जेवायला, बाथरूमला उठायचं तर कँटीनमधून आणलेली बासमतीची चाळीस-चाळीस किलोंची दोन पोती खुर्चीत बसवायचो. रात्रपाळी पूर्ण तांदूळच करायचा. चार वर्षांत तांदळाकडून एकदाही चूक झाली नाही. माझ्याकडून झाली. पहिल्या रमजानच्या विसाव्या रोज्याला मी साडेएकोणऐंशीवर आलो आणि दिवा नारिंगी झाला. त्या दिवशी कळलं की हद्द बरोबर ऐंशीची आहे. ईदपर्यंत मी रंगाचा डबा मांडीवर घेऊन बसलो. कंपनीच्या वार्षिक अहवालात आमच्या विभागाबद्दल एकच ओळ असायची: फाटक वर्षभर अखंड चालू. साहेबांना त्याबद्दल एकदा घड्याळ मिळालं.

मग आमची जागा सौदीकरणाच्या यादीत आली.

एके सकाळी साहेबांनी कागद पुढे केला. 'सर्व्हर तज्ज्ञ' या पदावर महिन्याभरात सौदी माणूस हवा. नसला तर सरकारी प्रतवारीत कंपनी हिरव्या रंगातून थेट लाल रंगात जाणार, आणि लाल कंपनीत कोणाचाच इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, नवा होत नाही. माझा शेवटचा दिवस पंधरा तारीख. मग फायनल एग्झिट, म्हणजे कायमचं घरी.

"साहेब, बावीस तारखेला मेहेक येतेय."

साहेबांनी कागदावरची तारीख पुन्हा वाचली. मेहेक माझी बायको. आमच्या लग्नाला चौदा महिने झाले होते आणि त्यातले एकत्र काढलेले दिवस होते सव्वीस. व्हिसा नऊ महिने फिरून फिरून आला होता. तो उभा होता माझ्या इकाम्यावर. इकामा गेला की तोही गेला.

रात्री तिचा दापोलीहून फोन आला.

"बॅगेत काय काय भरू? तुमच्या अम्मी म्हणतात कोकम दे, माझी अम्मी म्हणते लोणचं दे."

"दोन्ही भर," मी म्हटलं.

"आवाज असा का येतोय तुमचा?"

"खोली थंड आहे."

"तिकडं वाळवंटात थंडी कसली? एक सांगा, तुम्ही नक्की करता तरी काय तिथं? आपा रोज विचारते."

"सर्व्हर सांभाळतो."

"म्हणजे काय करता?"

"बसतो."

"असलेच जावई पाहिजेत सगळ्यांना," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या जागी आला फहाद. तेवीस वर्षांचा, हुफूफचा, संगणकशास्त्रात पहिला वर्ग, बोलायला गोड आणि वजन अठ्ठावन्न किलो. मी त्याला खुर्ची दाखवली. तो बसला. दिवा नारिंगी.

"अखी," तो म्हणाला, म्हणजे भावा, "माझं काय चुकलं?"

"काही नाही. बावीस किलोचा अनुभव कमी पडतोय."

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं दोन मिनिटं विचार केला आणि तोच प्रश्न विचारला जो कोणीही विचारेल: "फरशी का नाही उचलत?" मी त्याला साहेबांकडे पाठवलं. तो अर्ध्या तासानं परत आला तेव्हा त्याचा चेहरा चार वर्षांपूर्वीच्या माझ्या चेहऱ्यासारखा झाला होता.

"कॉलेजात हे शिकवलं नव्हतं," तो म्हणाला.

प्रशिक्षण सुरू झालं. सकाळी कबसा, म्हणजे इथला मटण-भात, दुपारी कबसा, चारला मलईचा पाव. साहेब रोज त्याला यार्डातल्या कंटेनरच्या काट्यावर उभं करायचे. तो काटा टनात दाखवायचा. फहाद रोज शून्य टन भरायचा. मग साहेबांनी घरून बाथरूमचा काटा आणला. दोन आठवड्यांत पोरगं दीड किलोनं वाढलं.

"हा पचवतो फार," साहेब हताश होऊन म्हणाले.

तेरा तारखेला लेबर ऑफिसचा इन्स्पेक्टर येणार असं कळलं. जागेवर सौदी माणूस खरंच काम करतो का, ते तो स्वतः बघणार होता.

"साहेब, तांदूळ फहादच्या मांडीवर ठेवू," मी म्हटलं.

"तांदूळ कुठला आहे?"

"कर्नालचा."

"म्हणजे कामाचा पाव हिस्सा भारतीय. लिहील तो रिपोर्टात." साहेबांनी खोलीत तीन फेऱ्या मारल्या. "इथलं काहीतरी पाहिजे. मातीपासून इथलं."

फहादनं वर्गात करतात तसा हात वर केला. "माझ्या वडिलांची हुफूफला खजुराची बाग आहे."

तेरा तारखेला सकाळी फहाद खुर्चीत बसला. साडेएकोणसाठ किलो तो आणि मांडीवर वीस किलो सातशे ग्रॅम खजूर, खोक्यात, वर स्वच्छ रुमाल. एकूण ऐंशी किलो दोनशे ग्रॅम. दिवा हिरवा. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी माझ्या जागेकडं एकदा नीट बघून घेतलं. माझं काम कोणीतरी करत होतं आणि माझ्यापेक्षा गोड करत होतं.

इन्स्पेक्टर दहाला आले. उंच, रुंद, हसरे, सोबत दोन मदतनीस. साहेबांनी गहवा आणला, ती वेलचीची पिवळी कॉफी.

आता आमची चूक सांगतो. आम्ही वायर पाहिली, वजन पाहिलं, कायदा पाहिला. हे नाही पाहिलं की सौदी माणसाच्या मांडीवर वीस किलो खजूर आहे आणि समोर पाहुणा गहवा घेऊन उभा आहे. फहादच्या सात पिढ्या हुफूफच्या. त्याचा हात आपोआप रुमालाकडं गेला.

"तफद्दल," तो म्हणाला. घ्या ना.

मी मागून मान हलवली. साहेबांनी मान हलवली. इन्स्पेक्टरांना वाटलं आम्हीपण आग्रह करतोय. त्यांनी एक उचलला, चावला आणि डोळे मिटले.

"खलास," ते म्हणाले. मी दचकून दिव्याकडं पाहिलं. पण ती हुफूफकडच्या खजुराची जात निघाली. "तुमच्या घरचा?"

"वडिलांच्या बागेतला."

"माशाल्लाह!"

मग तीन झाले. मग पाच. तिकडं खजूर सम संख्येत खात नाहीत, म्हणून सहावर कोणी थांबत नाही. मदतनिसांनीही तेच केलं. मी मनात दहा-दहा ग्रॅम वजा करत होतो. बिया ते फहादच्या मांडीवरच्या बशीत टाकत होते, तेवढाच परतावा.

"तूपण घे," साहेब घशातून फहादला म्हणाले. त्यानं खाल्ले तर वजन जागच्या जागी राहतं, हा त्यांचा हिशोब.

चोविसाव्या खजुराला दिवा नारिंगी झाला.

खाली एक ट्रक वाजला. मग दुसरा. मग बंदरापर्यंतची रांग वाजायला लागली.

"हे काय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. खुर्ची माझ्यापासून दोन पावलांवर होती. मी बसलो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं आणि परदेशी माणूस सौदीच्या जागेवर बसलेला सरकारनं डोळ्यांनी पाहिलं असतं. नाही बसलो तर सौदी माणसाला काम जमत नाही असा रिपोर्ट, कंपनी लाल. दोन्हीकडून मेहेकची बॅग दापोलीतच राहत होती.

मी इन्स्पेक्टरांकडं पाहिलं. माझा अंदाज एकशे दहा किलोंचा.

"सर," मी म्हटलं, "उभे का? बसा ना."

फहाद चटकन उठला, वडीलधाऱ्यांना जागा द्यायची म्हणून. इन्स्पेक्टर बसले. खुर्ची कुरकुरली. दिवा हिरवा झाला. खालचे हॉर्न एकेक करून थांबले.

त्यांनी दिव्याकडं पाहिलं. मग खिडकीतून वर जाणाऱ्या दांड्याकडं.

"हे मी केलं?"

"हो, सर."

ते अर्धवट उठले. नारिंगी. बसले. हिरवा. हे त्यांनी सहा वेळा केलं. मला तो माणूस एकदम आवडायला लागला.

"मी बावीस वर्षं सरकारी नोकरीत आहे," ते हळूच म्हणाले. "मी बसल्यामुळं काही चालू झालेलं आज पहिल्यांदा बघतोय."

मग त्यांना खरं सांगावंच लागलं, कारण ते उठायला तयार नव्हते आणि दुपारच्या नमाजला उठणं भाग होतं. मी वायर सांगितली, तांदूळ सांगितला, पंधरा तारीख सांगितली. मेहेकचंही सांगितलं. त्यांनी सगळं बसूनच ऐकलं.

"फरशी का नाही उचलत?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी नियम सांगितला. इन्स्पेक्टरांनी समजूतदारपणे मान डोलावली. त्या खोलीत नियम पहिल्या फटक्यात समजलेला तो एकटा माणूस.

"म्हणजे जागा ऐंशी किलोची," ते म्हणाले. "आणि मुलगा साठाचा."

"वाढवतोय आम्ही, सर," साहेब म्हणाले. "महिन्याभरात—"

"नाही! घाईनं वाढलेलं वजन टिकत नाही. माझ्याकडं बघा, हे वीस वर्षांचं काम आहे." त्यांनी फाइल मांडीवर घेतली आणि तिथंच लिहिलं. साहेबांनी आम्हाला वाचून दाखवलं: जागेवर सौदी उमेदवार नेमलेला आहे. प्रशिक्षण चालू आहे. उमेदवार ऐंशी किलो होईल त्या दिवशी ताबा घेईल. तोवर भारतीय कर्मचारी प्रशिक्षक म्हणून राहील. दर महिन्याला वजन कळवावे.

खाली सही झाली, शिक्का झाला. तांदूळ बसवून, साहेब सोडून, आम्ही सगळे नमाजला गेलो.

त्या संध्याकाळी फहादनं मला गाडीतून सोडलं.

"अखी, मला ती खुर्ची नको," तो म्हणाला. "मी फाटकाचा नवा प्रोग्रॅम लिहितोय. बसून लिहिता येतो, पण तिथं बसून नाही."

"मग?"

"मी रोज समुद्रकाठच्या कॉर्निशवर पाच किलोमीटर धावेन. साठावर राहीन. तू राहा."

मी त्याला मिठी मारली. इतकं हलकं माणूस मी आयुष्यात मिठीत घेतलं नव्हतं.

बावीस तारखेला मेहेक आली. कोकम आलं, लोणचं आलं आणि बॅगेच्या तळाशी सांदणं वाफवायची भांडी आली. मी तिला पहिल्याच रात्री सगळं समजावलं: फहाद ऐंशी झाला की आपण दापोलीला. ती म्हणाली समजलं. मग म्हणाली, ज्या पोरामुळं आपला संसार उभा राहिला त्याला एक दिवस जेवायला बोलवायला नको?

एक दिवस म्हणता म्हणता दर शुक्रवार झाला. फहाद पुढच्या खोलीत गालिच्यावर बसतो. मेहेक स्वयंपाकघरात असते. पाहुणा परका म्हणून ताटं मीच नेतो. मधे पॅसेज.

"मेहेक, पुरे आता. सहा झाली त्याची."

"सहा सांदणांत कोणाचं पोट भरतं? मटण संपलं का बघा त्याचं."

"त्याचं पोट भरणं आपल्याला परवडत नाही गं. सांगितलंय ना?"

"पाहुण्याला उपाशी उठवू? माझ्या घरातून?"

तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही आणि फहादला नाही म्हणता येत नाही. वाढणाऱ्याला नकार द्यायचा नाही हे त्याला त्याच्या घरात शिकवलंय आणि तिला तिच्या. मी मधला माणूस. म्हणून गेले चार महिने मी पॅसेजमध्ये अर्धं ताट उभ्याउभ्या खातो. त्या चार महिन्यांत फहाद दोन किलोनं वाढला. मी नऊ किलोनं. सर्व्हर इतका भक्कम कधीच चालला नव्हता.

आतून फहादची हाक आली, "अखी, आज आणखी नाही?"

मेहेकनं सातवं सांदण ताटलीत ठेवलं, वर नारळाचं दूध ओतलं, आणि थोडं थांबून आठवंही ठेवलं.

पॅसेज आठ फुटांचा आहे. मी हळू चालायला लागलो.