मापात बर्फ नको

सांगा बघू, भरवसा कोणावर ठेवावा? बोलणाऱ्यावर, की ऐकतो म्हणणाऱ्यावर? मी एक मायक्रोफोन. आयुष्य या दोघांच्या मधोमध गेलं, म्हणून विचारतो.

माझी उमेदवारी डेन्मार्कच्या एका बंदरात, मासळीच्या लिलावात झाली. आधी कोळी असलेला थॉर्किल माझ्या तोंडाशी भाव पुकारायचा. पुढे लिलाव संगणकावर गेला आणि मी खोक्यात. थॉर्किलनेच मला गावच्या वाचनालयात पोचवलं. तिथली ग्रंथपाल व्हिबेके जुन्या कोळ्यांच्या गप्पांचा पॉडकास्ट काढत होती.

थॉर्किलला तर बोलायला बहाणाच हवा होता. वादळात कॉफीची किटली सावरताना सुकाणू कसं सुटलं, तरी कॉफी कशी सांडली नाही, हे तो दर वेळी वाढवून सांगे.

नगरपालिकेला मात्र ध्वनिमुद्रणाची खोली कार्यालयासाठी हवी होती. श्रोते दाखवा, खोली ठेवा, असं ठरलं. लोकांना पॉडकास्ट सापडावा म्हणून व्हिबेकेने वाचनालयातल्या सगळ्या संगणकांवर तो आपोआप सुरू होईल असं केलं. आकडा भराभर चढला. थॉर्किलने खुशीत केक आणला.

रविवारी वाचनालयात कर्मचारी नसतात. लोक आपलं कार्ड लावून दार उघडतात. थॉर्किल तसाच आत आला. रिकाम्या खुर्च्यांसमोर हेडफोन लटकत होते. त्याने एक कानाला लावला, तर आत तोच बोलत होता.

सोमवारी तो म्हणाला, "व्हिबेके, काल माझ्या श्रोत्यांना भेटलो. गुणी मंडळी. एकही खोकला नाही."

तिच्या लक्षात आलं. तिने आकड्यांचा कागद पुढे ओढला. मग म्हणाली, "हा आकडा काढून टाकला तर खोली जाईल, थॉर्किल."

"जाईल. पण मासळीच्या वजनात बर्फ धरला, तर गिऱ्हाईक एकदाच फसतं, बाई. पुन्हा फिरकत नाही."

तिने खरा आकडा कळवला. खोली गेली.

पण त्या लहानशा आकड्यात एक श्रोता वृद्धाश्रमाचा होता. व्हिबेके चौकशीला गेली, तर एका यंत्राभोवती अख्खं जेवणघर ऐकत बसलेलं! आता ध्वनिमुद्रण तिथेच होतं आणि मी कॉफीच्या कपांमध्ये उभा असतो. कोणी खोकतं, कोणी म्हणतं, "थॉर्किल, मागच्या वेळी किटली लहान होती." व्हिबेके यातलं काही कापत नाही.

तुम्हालाही एक विनंती. माझं ऐकलंत, तर स्वतःला मोजा. मला चालू ठेवून उठून गेला असाल, तर मोजू नका.